मिडवेच्या पिलांची साक्ष
एका गाजलेल्या छायाचित्रमालेची उलटतपासणी

समुद्रातील प्लास्टिकचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. पोटात बाटल्यांची झाकणे भरलेले मेलेले पाखरू. नाकपुडीतून स्ट्रॉ ओढून काढला जात असताना तळमळणारे कासव. कान साफ करण्याच्या काडीला शेपटीने विळखा घातलेला समुद्रघोडा. मेलेले पिल्लू सोडायला तयार नसलेली पायलट व्हेल. कोणत्याही अहवालापेक्षा या चार-पाच चित्रांनी जनमत जास्त घडवले आहे. शाळांमधले प्रकल्प, सरकारी बंद्या, हॉटेलातले कागदी स्ट्रॉ या सगळ्यांच्या मागे कुठेतरी ही चित्रे आहेत.

एवढे मोठे काम करणाऱ्या चित्रांची आपण समीक्षा मात्र करत नाही. कादंबरी काय सांगते, काय वगळते, कोणाच्या बाजूने उभी राहते, हे प्रश्न आपल्याकडे आवर्जून विचारले जातात. पर्यावरणाच्या चित्रापुढे आपण हळहळतो आणि पुढे जातो. हळहळ खरी असते, म्हणून प्रश्न विचारणे निर्दयपणाचे वाटते. मी छायाचित्रकार नाही, विद्यापीठातला संशोधकही नाही. दहा-बारा वर्षे या विषयावरचे मिळतील ते शोधनिबंध वाचत आलो आहे. ते वाचता वाचता या चित्रांकडे पाहण्याची नजर बदलत गेली. या लेखात मी त्यांतल्या एकाच, पण सर्वांत प्रभावी ठरलेल्या छायाचित्रमालेकडे पाहणार आहे: अमेरिकन छायाचित्रकार ख्रिस जॉर्डन यांची मिडवे बेटावरच्या अल्बट्रॉस पिलांची छायाचित्रे.

बेट आणि कॅमेरा

मिडवे हे उत्तर प्रशांत महासागराच्या साधारण मध्यावरचे प्रवाळबेट आहे. आशिया आणि अमेरिका यांच्या अर्ध्या वाटेवर, म्हणून ‘मिडवे’. हवाई द्वीपमालेच्या वायव्य टोकाकडे असलेले हे बेट जून १९४२च्या आरमारी लढाईमुळे इतिहासात गेले. युद्धानंतरही तिथे अमेरिकेचा नौदल तळ होता. आज ते राखीव क्षेत्र आहे, आणि लेसन अल्बट्रॉस या पक्ष्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत तिथे आहे. दोन मीटर पंखविस्ताराचा हा पक्षी वर्षाला फार तर एकच अंडे घालतो. आई-बाप हजारो किलोमीटर उडून जातात, पाण्याच्या पृष्ठभागावरून माकूळ आणि उडत्या माशांची अंडी टिपतात आणि परतल्यावर पिलाच्या चोचीत ओकतात. पाच-साडेपाच महिने असे चालते. याच जातीची ‘विस्डम’ नावाची मादी जगातला ज्ञात असलेला सर्वांत वयस्क रानपक्षी मानली जाते. तिच्या पायात १९५६ साली कडे घातले गेले. २०२४च्या अखेरीस, वयाच्या चौऱ्याहत्तरीच्या आसपास, तिने पुन्हा अंडे घातल्याची नोंद आहे.

जॉर्डन २००९मध्ये तिथे गेले. त्यांनी काढलेल्या छायाचित्रांची मांडणी अगदी साधी आहे. कॅमेरा वरून खाली रोखलेला. क्षितिज नाही, समुद्र नाही, माणूस नाही. जमिनीवर सडून विरघळत चाललेले पिलू, पिसे आणि हाडे उरलेली, आणि जिथे पोट होते तिथे रंगीत प्लास्टिकचा ढीग: झाकणे, सिगारेट-लायटर, तुकडे. चित्रे खोटी वाटतील हे जॉर्डन यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले की एकही तुकडा हलवलेला, ठेवलेला किंवा फेरफार केलेला नाही. जॉर्डन पूर्वी वकील होते. हे निवेदन वाचताना त्यांचा जुना पेशा आठवतो, कारण ते पुराव्याबद्दलचे निवेदन आहे.

चित्राने काय साधले

आधी श्रेय द्यायला हवे. या पिलांच्या पोटातले प्लास्टिक काही २००९मध्ये सापडले नाही. १९६६ साली याच द्वीपमालेतील एका बेटावर मेलेल्या लेसन पिलांची पोटे उघडून पाहिली गेली होती. त्यांत मोठ्या प्रमाणात प्लास्टिक निघाले, आणि १९६९मध्ये ‘द ऑक’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात ते छापूनही आले. १९७२ साली एडवर्ड कार्पेंटर आणि सहकाऱ्याने सरगासो समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या कणांविषयी ‘सायन्स’मध्ये लिहिले. १९९७मध्ये चार्ल्स मूर नौकाशर्यत संपवून हवाईहून लॉस एंजेलिसकडे परतताना प्रशांत महासागरातल्या त्या कुप्रसिद्ध कचरापट्ट्यातून गेले. प्लँक्टन आणि प्लास्टिक यांची वजने ताडून पाहणारा त्यांचा निबंध २००१मध्ये आला, आणि त्या नमुन्यांत प्लास्टिक सहापट भरले होते. म्हणजे माहिती चाळीस वर्षे पडून होती. ती घराघरांत नेली ती या चित्रांनी.

जॉर्डन यांचे त्याआधीचे काम याच्या अगदी उलट होते. २००७च्या एका प्रचंड चित्रात त्यांनी वीस लाख प्लास्टिकच्या बाटल्या मांडल्या. अमेरिकेत दर पाच मिनिटांना तेवढ्या वापरल्या जात होत्या. लांबून पाहिले तर नुसता पोत, जवळ गेल्यावर बाटल्या. त्या चित्रांत संख्या होती, वेग होता, म्हणजेच अर्थव्यवस्था होती, पण कोणाचे मरण नव्हते. मिडवेला मरण आले आणि संख्या गेली. पाहणाऱ्याच्या काळजाला हात घालण्यासाठी त्यांनी ही अदलाबदल केली, आणि ती यशस्वी झाली. या लेखातला माझा मुख्य प्रश्न त्या अदलाबदलीत काय हरवले, हा आहे.

उलटतपासणी

चित्र पाहणारा प्रत्येक जण मनात एक वाक्य पुरे करतो: ‘प्लास्टिक खाऊन हे पिलू मेले.’ चित्र मात्र तेवढे सांगत नाही. पिलू मेले आहे आणि त्याच्या पोटात प्लास्टिक आहे, एवढेच ते सांगते. ही दोन वाक्ये आपण जोडतो.

ही जोड किती पक्की आहे? १९९०च्या दशकाच्या मध्यावर मिडवेवर केलेल्या आणि १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५१ पिले तपासली गेली. त्यांतल्या सहा सोडून सगळ्यांच्या पोटात प्लास्टिक निघाले. वाचताना इथे थांबावे लागते, कारण यांतली काही पिले एरवी धडधाकट, केवळ अपघाताने जखमी झालेली होती. प्लास्टिक त्यांच्याही पोटात होते. जवळजवळ प्रत्येक पिलाच्या पोटात प्लास्टिक असेल, तर मेलेल्या पिलाच्या पोटात ते सापडणे हा मृत्यूच्या कारणाचा पुरावा ठरत नाही. अल्बट्रॉसची पिले उडण्याच्या आधी माकुळांच्या चोचींसारख्या न पचणाऱ्या वस्तूंचा गोळा ओकून टाकतात, आणि त्यासोबत बरेच प्लास्टिकही बाहेर पडते. शिवाय मिडवेवर मरणाची दुसरी कारणे होती. नौदल तळाच्या जुन्या इमारतींवरचा शिसेयुक्त रंग पापुद्र्यांनी गळत असे. पिले ते पापुद्रे चोचीने उचलत, आणि त्यांचे पंख लुळे पडून ती मरत. मार्च २०११च्या त्सुनामीत एक लाखाहून अधिक पिले एका रात्रीत गेली. मोठे पक्षी लांबदोरीच्या मासेमारीतले आमिष गिळून गळाला लागतात आणि बुडतात. यांपैकी कशाचेही असे चित्र निघत नाही, कारण शिसे रंगीबेरंगी दिसत नाही आणि गळाला लागलेला पक्षी खोल समुद्रात जातो.

ही उलटतपासणी इथेच थांबवली, तर ती प्लास्टिक उद्योगाच्या वकिलाच्या उपयोगाची होईल. ‘प्लास्टिकने मेल्याचे सिद्ध झालेले नाही’ असे म्हणून त्यांना हात झटकता येतील. तंबाखूच्या बाबतीत हे जगाने पाहिले आहे. म्हणून त्याच १९९७च्या अभ्यासातली दुसरी नोंदही वाचली पाहिजे. मेलेल्या पिलांच्या पोटात जखमी पण निरोगी पिलांपेक्षा प्लास्टिकचे वजन जास्त होते, आणि त्यांचे स्वतःचे वजन आणि चरबी कमी होती. प्लास्टिक सुरीसारखे मारत नसेल, पण ते पोटात जागा अडवते आणि आधीच अशक्त असलेल्याला ढकलते. २०१६मध्ये मॅथ्यू सावोका आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की समुद्रात काही आठवडे राहिलेल्या प्लास्टिकला डायमिथाइल सल्फाइडचा वास येऊ लागतो. प्लँक्टन खाल्ले जाते तेव्हा हाच वास सुटतो, आणि त्याच्या मागावर समुद्रपक्षी अन्न शोधतात. म्हणजे पक्षी रंगाला फसतो एवढेच नाही. लाखो वर्षांत विश्वासार्ह ठरलेली त्याची घ्राणशक्तीच आपण खोटी पाडली आहे. २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावरील शिअरवॉटर पक्ष्यांच्या जठरात प्लास्टिकमुळे झालेल्या व्रणांसारख्या बदलांचे वर्णन झाले, आणि संशोधकांनी त्या आजाराला ‘प्लास्टिकोसिस’ हे नावही दिले.

खरी हानी ही अशी आहे: हळू, आतली, आणि बहुतेक वेळा न मारणारी. तिला चौकटीत बसवणे अवघड आहे. चित्राला मरण लागते. म्हणून चित्र विज्ञानापेक्षा जास्त ठामपणे बोलते, आणि जो जास्त ठामपणे बोलतो त्याची साक्ष फोडणे सोपे असते.

चौकटीबाहेर काय राहिले

आता चित्रातल्या वस्तूंकडे पाहू. झाकण, लायटर, टूथब्रश. या वस्तू आपल्याला लगेच ओळखू येतात, कारण त्या आपल्या हातातल्या आहेत. ओळखू न येणारे तुकडे पोटात कितीतरी असतात, पण नजर झाकणावरच थांबते. तिथून मन आपल्या स्वयंपाकघरात येते आणि म्हणते, ‘हे मी केले.’

मिडवेभोवतीच्या समुद्रात मात्र वजनाने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. २०१८मध्ये लॉरेंट लेब्रेटॉन आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातील कचरापट्ट्याचा अंदाज मांडला. सोळा लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले सुमारे ७९ हजार टन प्लास्टिक. त्यातले ४६ टक्के वजन मासेमारीच्या जाळ्यांचे होते. २०२२च्या त्यांच्या पुढच्या निबंधात तिथल्या मोठ्या तरंगत्या वस्तूंपैकी तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक वस्तू मासेमारीशी जोडता येतील, आणि त्या मुख्यतः पाच औद्योगिक मासेमारी करणाऱ्या देशांकडून येतात, असा निष्कर्ष आहे: जपान, चीन, दक्षिण कोरिया, अमेरिका आणि तैवान. तुटून भरकटलेले जाळे मासेमारी थांबवत नाही. त्यात मासा अडकतो, माशाच्या मागे कासव, कासवानंतर सील. जगात सुमारे सोळाशेच उरलेले हवाईयन मंक सील याच द्वीपमालेत राहतात, आणि त्यांच्या गळ्याला पडणाऱ्या जाळ्यांचे गुंते काढण्याच्या मोहिमा १९९०च्या दशकापासून चालू आहेत. हे गुंते हिरवट, काळपट, ओंगळ असतात. ते पाहून कोणाला आपले स्वयंपाकघर आठवत नाही.

अपराधाची भावना घराकडे वळवणे ही काही नवी युक्ती नाही. अमेरिकेत १९५३मध्ये ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था निघाली ती डबे, बाटल्या आणि वेष्टने बनवणाऱ्या उद्योगांच्या पुढाकाराने. १९७१च्या वसुंधरादिनी तिची जाहिरात झळकली. तिच्यात एक मूळ अमेरिकन माणूस रस्त्याकडेचा कचरा पाहून अश्रू ढाळतो, आणि प्रदूषण लोक करतात, लोकच थांबवू शकतात, असा तिचा सांगावा होता. तो अश्रू ढाळणारा नट मुळात इटालियन वंशाचा होता, ही गंमत नंतर उघड झाली. गंभीर गोष्ट वेगळी आहे. बाटली बनवणारा चौकटीत नव्हता, फेकणारा होता. जॉर्डन यांचा हेतू त्या जाहिरातीसारखा नव्हता, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या चित्रांची दृष्टी मात्र प्रेक्षकाला त्याच जागी नेऊन उभी करते.

२०१५मध्ये कोस्टारिकाच्या समुद्रात संशोधक क्रिस्टीन फिगनर यांच्या चमूने कासवाच्या नाकातून स्ट्रॉ काढल्याची चित्रफीत असेच काम करून गेली. ते कासव ऑलिव्ह रिडले जातीचे होते, आपल्या कोकणात अंडी घालते त्याच जातीचे. त्या आठ मिनिटांच्या वेदनेनंतर जगभर स्ट्रॉबंदीची लाट आली. स्ट्रॉ गेले हे चांगलेच झाले. ज्या कंपन्यांनी स्ट्रॉ बदलले त्यांनी पेल्याची झाकणे आणि बाटल्या तशाच ठेवल्या, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या टोकाचे चित्र

ही चूक दुरुस्त करण्याचा आव आणत २०२१मध्ये अली तब्रीझी यांचा ‘सीस्पायरसी’ हा माहितीपट आला. स्ट्रॉचे सोडा, जाळ्यांकडे बघा, असे तो सांगतो, आणि ते सांगणे योग्य आहे. मात्र एका पट्ट्यातला ४६ टक्क्यांचा आकडा प्रेक्षकाच्या मनात साऱ्या समुद्राचा होऊन बसतो, आणि शेवटी उपाय एकच उरतो: मासे खाणे सोडा. म्हणजे पुन्हा चेंडू स्वयंपाकघरातच. यांत्रिक जहाजांचा ताफा आणि दोन माणसांची होडी यांना तो एकाच मापाने मोजतो. मासळीवर पोट असलेल्या किनाऱ्यावरच्या माणसाला त्या माहितीपटात जागाच नाही.

दोन्ही चित्रांत एकच गफलत आहे. एका जागचे सत्य ती सगळीकडे लावतात. चित्र मिडवेचे होते, पण निष्कर्ष वर्सोव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडे चिकटवला गेला.

आपला किनारा काय सांगतो

मुंबईजवळचा समुद्र मिडवेभोवतीच्या समुद्रासारखा नाही. इथे कचरा जमिनीवरून येतो. २०२१मध्ये लॉरेन्स मायर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या गणितानुसार जगभरातल्या हजाराहून जास्त नद्या मिळून समुद्रात जाणाऱ्या नदीमार्गे प्लास्टिकचा ८० टक्के भार वाहतात. त्या यादीत अगदी वरच्या क्रमांकांत वसईच्या खाडीला मिळणारी आपली उल्हास नदी आहे. हे गणित प्रतिमानावर आधारलेले आहे, पण पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीनंतर मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर समुद्राने परत फेकलेला ढीग पाहणाऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५पासून वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला, आणि २०१८मध्ये तिथे ऑलिव्ह रिडलेची पिले समुद्राकडे निघालेली दिसली. त्या बातमीचे आनंदचित्र सगळ्यांना आठवते. त्यानंतर शाह मिठी नदीकडे वळले, हे कमी लोकांना आठवते. किनारा साफ करणाऱ्या माणसाला नदीकडे जावे लागते, हाच या कहाणीतला महत्त्वाचा धडा आहे.

आपल्या किनाऱ्यावरही जाळी आहेतच. कोळ्यांची जाळी पूर्वी सुताची, तागाची असत. हरवले तर काही महिन्यांत कुजे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत नायलॉन आले. ते हलके, टिकाऊ, आणि न कुजणारे. तांडेल मुद्दाम जाळे फेकत नाही, कारण त्यात त्याचे भांडवल अडकलेले असते. ते खडकाला अडकते, वादळात तुटते, ट्रॉलरखाली कापले जाते. फाटलेले तुकडे बंदरावर द्यायचे कुठे, याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. त्याच वेळी डोलीत बोंबील-जवळ्याबरोबर पिशव्या येतात, आणि त्या निवडून काढण्याची मजुरी त्यालाच पडते. प्लास्टिकच्या प्रश्नात कोळी एकाच वेळी कारणीभूतही आहे आणि नुकसान सोसणाराही. झाकणांच्या चित्रात तो दिसत नाही, आणि ‘सीस्पायरसी’त फक्त आरोपी म्हणून दिसू शकतो.

त्याला तिसऱ्या भूमिकेत पाहणारी एक योजना आपल्याकडे आहे. महाराष्ट्राच्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाने डिसेंबर २०१८पासून, जाळ्यात सापडलेले कासव, देवमासा किंवा बहिरी मोरी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. तिच्यामागचा विचार असा की प्राणी वाचवण्याचा खर्च समाजाने उचलावा. तिला जोडून जुनी जाळी बंदरावर मोल देऊन परत घेण्याची सोय झाली, तर भरकटत्या जाळ्यांचा प्रश्न मुळाशी धरता येईल.

राज्याने मार्च २०१८मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्राने १ जुलै २०२२पासून स्ट्रॉ, कानकाड्यांसह एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी घातली. या याद्या वाचताना मला त्यांत गाजलेल्या चित्रांची सावली दिसते: स्ट्रॉ आहे, कानकाडी आहे. जाळी नाहीत. बहुपदरी वेष्टनांच्या पुड्याही नाहीत, आणि खाडीत त्याच सर्वाधिक डोळ्यांत भरतात.

चित्राकडून काय मागावे

२०१९मध्ये जगाने सुमारे ४६ कोटी टन प्लास्टिक बनवले. जे कचऱ्यात गेले त्यातले जेमतेम नऊ टक्के पुनर्वापरात आले, असे ओईसीडीचे गणित सांगते. मार्च २०२२मध्ये नैरोबीत जगातल्या देशांनी प्लास्टिकवर बंधनकारक करार करायचे ठरवले. डिसेंबर २०२४मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हाला वाटाघाटी करार न होताच संपल्या. वाद एका मुद्द्याशी येऊन अडकला: मुळात उत्पादनावर मर्यादा घालायची, की केवळ कचऱ्याची व्यवस्था लावायची? तेल-वायू उत्पादक देश मर्यादेच्या विरोधात आहेत. प्राथमिक पॉलिमरच्या उत्पादनावर नियंत्रण नको, अशीच भारताचीही भूमिका राहिली आहे.

या वादात मिडवेची चित्रे कोणत्या बाजूला साक्ष देतात? दोन्ही बाजू ती आपल्या भिंतीवर लावू शकतात. उत्पादन कमी करा म्हणणारा लावेल, आणि ‘लोकांनी कचरा नीट टाकावा’ म्हणणाराही लावेल. माझ्या मते या छायाचित्रमालेची ही सर्वांत मोठी मर्यादा आहे. तिने करुणा जागवली, पण तिची दिशा ठरवली नाही.

जॉर्डन यांना हे जाणवले असावे. २०१७मध्ये पूर्ण झालेल्या आणि पुढे सर्वांना विनामूल्य पाहायला दिलेल्या ‘अल्बट्रॉस’ या त्यांच्या दीड तासाच्या माहितीपटात त्यांनी पक्ष्यांचे नृत्य, अंडी उबवणे, पिलांना भरवणे यांना भरपूर वेळ दिला आहे. तिथे पक्षी पुरावा म्हणून येत नाही, आपल्या जगण्यासकट येतो. छायाचित्रांपेक्षा मला तो माहितीपट जास्त प्रामाणिक वाटतो. कारणांच्या बाबतीत मात्र तोही मौनच पाळतो.

आपल्या किनाऱ्याची चित्रे अजून निघायची आहेत. ती काढणाऱ्याने एक पथ्य पाळावे: मेलेला प्राणी दाखवताना त्याच्यापर्यंत कचरा कोणत्या वाटेने आला तेही दाखवावे. डहाणूच्या उपचार केंद्रात जाळ्यामुळे पर गमावलेले कासव दाखवावे, आणि ते जाळे बंदरावर परत देता आले असते का, हेही विचारावे. खाडीतली पुडी दाखवावी, आणि ती बनवणाऱ्याचे नाव पुडीवर छापलेले असते, तेही चौकटीत येऊ द्यावे.